बालपणीचा अत्याचार आणि प्रौढपणीचे निर्णय

बालपणी घरात, शाळेत, आजोळी किंवा शिकवणीच्या खोलीत सोसलेल्या छळाविषयी वाचकांची जी पत्रे येत असतात, ती लिहिणाऱ्यांची वये, गावे आणि परिस्थिती कितीही भिन्न असली तरी त्यांतील प्रश्न मात्र विलक्षण सारखे असतात: इतक्या वर्षांनी हे उकरून काढण्यात अर्थ आहे काय, त्या वेळी मी ओरडलो का नाही, क्षमा केल्यावाचून मन शांत होणारच नाही असे जे सांगतात ते खरे काय, आणि आज फिर्याद दिली तर ती मुदतबाह्य ठरेल काय. हे प्रश्न एकदम समोर ठेवले की बुद्धी गोंधळते, कारण स्वतःचे स्वास्थ्य, कुटुंबाशी असलेला संबंध आणि कायद्याची दाद ही तीन निराळी कामे त्यांत एकमेकांत गुंतलेली असतात, आणि एक अडले म्हणजे सगळीच अडली असे वाटू लागते.

वस्तुतः तसे नाही. अपराध्याने कबुली दिली नाही, आईने विश्वास ठेवला नाही किंवा पुराव्याअभावी खटला उभा राहिला नाही, तरीही बरे होण्याचे काम चालू शकते; ते यांपैकी कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नाही. कोणते काम केव्हा हाती घ्यावे, किंवा मुळीच घेऊ नये, हे तुम्ही ठरवायचे आहे. या स्वातंत्र्याला माझ्या मते एकच अपवाद आहे, आणि त्याचा विचार लेखाच्या अखेरीस केला आहे.

जे झाले ते अत्याचारच होते काय?

‘आमच्या वेळी सगळ्यांनाच मार बसत असे’ या एका वाक्याखाली पुष्कळांनी आपली दुःखे गाडून टाकलेली असतात. पुढील गोष्टी मात्र शिस्त या नावाखाली मोडत नाहीत:

- पट्ट्याने वा वेताने वळ उठेपर्यंत मारणे, चटके देणे, उपाशी ठेवणे, अंधारात कोंडणे.
- लैंगिक हेतूने स्पर्श करणे किंवा मुलाला करावयास लावणे, अश्लील चित्रे दाखवणे, उघडे करून पाहणे. तुम्ही विरोध केला नाही, खाऊ किंवा पैसे घेतले, पुन्हा त्याच घरी गेलात, किंवा शरीराने काही प्रतिसाद दिला, यांपैकी कशानेही दोष तुमच्याकडे येत नाही.
- सतत पाणउतारा करणे, टाकून देण्याची धमकी देणे, आईला होणारी मारहाण रोज पाहावयास लावणे.
- ऐपत असूनही अन्न, औषध किंवा शिक्षण नाकारणे.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 13 राज्यांतील 12,447 मुलांना प्रश्न विचारण्यात आले होते, त्यांपैकी 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, आणि असे सांगणाऱ्यांत मुलग्यांची संख्या निम्म्याहून किंचित अधिक निघाली. ‘पुरुषाच्या बाबतीत असे घडतच नाही’ या समजुतीपायी जे पुरुष वाचक आजवर गप्प राहिले, त्यांनी हा आकडा अवश्य ध्यानात घ्यावा.

ओरडलो का नाही, या प्रश्नाचे उत्तर शरीरधर्मात आहे. पळता येत नाही आणि प्रतिकार करता येत नाही अशा भयाच्या क्षणी शरीर थिजते, वाचा बंद होते आणि पुष्कळदा घटनेची स्मृतीही तुकड्यातुकड्यांनीच उरते. शिवाय ज्याच्या ताटात आपण जेवतो त्याच्याविरुद्ध ओरडावे कोणाकडे, हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला पडल्यास त्यात नवल ते काय? थिजणे म्हणजे संमती नव्हे.

आधी आजचा दिवस सुरक्षित करा

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बरे होण्याच्या तीन अवस्था सांगितल्या: प्रथम सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, आणि त्यानंतर जगाशी पुन्हा नाते जोडणे. हा क्रम उलटा करण्याचा मोह फार होतो. एखादा चित्रपट किंवा एखादी बातमी पाहून आठवणी उसळतात आणि त्याच रात्री सगळे लिहून काढावे, सगळ्यांना सांगावे असे वाटते. तसे करू नका; त्याआधी एवढे पाहा:

1. ज्याने छळ केला तो आज तुमच्याच घरात राहतो काय? राहत असल्यास निजण्याच्या खोलीला आतून कडी, स्वतःच्या नावाचे बँकेतील खाते, मूळ प्रमाणपत्रे एखाद्या विश्वासू व्यक्तीकडे, आणि प्रसंग आल्यास चार दिवस राहता येईल असे एक ठिकाण, ही तयारी गाजावाजा न करता करून ठेवा.
2. झोप, जेवण आणि मद्य यांची स्थिती काय आहे? आठवणी दाबण्यासाठी रोज घेतलेले मद्य प्रथम आराम देते आणि मग झोपेचीच नासाडी करते. याविषयी डॉक्टरांना संकोच न करता सांगा.
3. आठवण एकाएकी अंगावर आली तर दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, तोंडावर गार पाणी मारा, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावे मोठ्याने घ्या आणि आजची तारीख व स्वतःचे वय उच्चारा. उपाय बाळबोध वाटला तरी मनाला वर्तमानात आणण्यास तो उपयोगी पडतो.
4. जीव द्यावा असे विचार येत असतील तर पुढचा मजकूर नंतर वाचा. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. तत्काळ धोका असेल तर 112 लावा. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गृहीत धरतो आणि सामान्यतः तिच्यावर खटला भरण्यास मनाई करतो. तेव्हा पोलिसांच्या भयाने मदत मागण्याचे टाळू नका.

कोणाला आणि किती सांगावे

एकाच व्यक्तीपासून आरंभ करा, आणि ती व्यक्ती निवडताना रक्ताच्या नात्यापेक्षा तिच्या स्वभावाकडे पाहा. दुसऱ्याची गोष्ट जिने पूर्वी तुमच्याजवळ उघड केली नाही, ती बहुधा तुमचीही करणार नाही. प्रथम थोडेच सांगून पाहावे आणि ऐकणाऱ्याचा चेहरा, त्याचे प्रश्न आणि दुसऱ्या दिवशीचे वर्तन यांवरून पुढचे ठरवावे.

पती किंवा पत्नीला सर्व काही सांगितलेच पाहिजे काय, असे अनेकजण विचारतात. तुमच्या आजच्या वागण्याचा अर्थ त्यांना कळावा एवढे सांगणे सहजीवनाच्या दृष्टीने हिताचे असते. तपशिलावर मात्र कोणाचाही हक्क नाही. ‘लहानपणी माझ्याशी एकाने घाण प्रकार केला होता. त्यामुळे झोपेत कुणी अचानक हात लावला की मी दचकते. बाकीचं आज सांगता येणार नाही, पण तुला एवढं माहीत असावं,’ एवढे बोलणे पुरेसे आहे. भांडणाच्या भरात, लग्नघरात किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर हा विषय प्रथमच काढू नये.

नाव घेऊन जाहीर लिहिण्यापूर्वी वकिलाचा सल्ला अवश्य घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामी हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. सत्य आणि लोकहित हा बचाव कायद्यात आहे खरा, तथापि तो न्यायालयात सिद्ध करीत बसावे लागते. याउलट, सद्भावनेने योग्य अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार बदनामी ठरत नाही.

उपचारक निवडताना

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ अशी पाटी मात्र आजही तुटपुंज्या शिक्षणावर लावलेली आढळते, म्हणून शिक्षण आणि नोंदणी विचारण्यात उद्धटपणा मानू नका. पैशाची अडचण असल्यास पुण्याचे ससून, मुंबईचे केईएम यांसारखी शासकीय व महापालिकेची रुग्णालये, जिल्हा रुग्णालयांतील मानसिक आरोग्य विभाग आणि गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था येथे अल्प खर्चात सेवा मिळते. दिल्लीची ‘राही’ ही संस्था 1996 पासून बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी काम करीत आली आहे आणि मुंबईची ‘अर्पण’ ही संस्थाही प्रौढांना समुपदेशन देते.

आघाताच्या परिणामांवर जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली ज्या उपचारांची शिफारस केली, त्यांत आघातावर केंद्रित असलेला बोधात्मक वर्तनोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने केला जाणारा आघातोपचार) हे प्रमुख आहेत. पहिल्या भेटीत पुढील प्रश्न विचारा:

- बालपणीच्या आघातावर काम करण्याचे प्रशिक्षण तुम्ही कोठे घेतले?
- मी सांगितलेले कोणाला कळवावे लागते काय, आणि केव्हा? (हा प्रश्न वगळू नका, 2012 नंतरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळणाऱ्यावर कायद्याने खबर देण्याचे बंधन आहे, त्याविषयी अखेरीस लिहिले आहे.)
- मला थांबावेसे वाटले तर आपण थांबणार ना?
- एका बैठकीची फी किती, आणि ऐनवेळी येता आले नाही तर?

काही लक्षणे दिसताच मात्र उठून यावे. पहिल्याच भेटीत सगळा तपशील वदवून घेण्याचा आग्रह. ‘आई-बाप ते आई-बाप, क्षमा करून टाका’ असे प्रवचन. न विचारता केलेला स्पर्श किंवा बाहेर भेटण्याचे निमंत्रण. अमुक बैठकांत खात्रीने बरे करण्याची हमी. आणि विशेषतः, संमोहनाने विस्मृत घटना ‘बाहेर काढून’ देण्याचे आश्वासन. संमोहित अवस्थेत मन पोकळ जागा कल्पनेने भरून काढते आणि अशा स्मृतीने तुमचे स्वास्थ्यही सुधारत नाही आणि उद्याची साक्षही कमकुवत होते. जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असेच राहू द्यावे.

औषध चालू केल्यास ते स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. वर उल्लेखिलेल्या 2017 च्या कायद्यान्वये उपचारांविषयी गुप्तता राखली जाण्याचा आणि स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. मानसिक आजाराचा विमाही शारीरिक आजाराच्या बरोबरीने देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे.

घर, सणवार आणि क्षमेचा आग्रह

खरी कसोटी लागते ती गौरी-गणपतीत, भाऊबीजेला, पुतण्याच्या मुंजीत. कारण ज्याच्या सावलीनेही अंग शहारते तोच काका तेथे पाटावर बसलेला असतो, आणि वाकून नमस्कार कर म्हणून आई डोळ्यांनी खुणावत असते. अशा वेळी ‘सगळे संबंध तोडा’ आणि ‘झाले गेले विसरा’ असे दोनच मार्ग असल्याचे भासवले जाते. प्रत्यक्षात त्यांच्या दरम्यान पुष्कळ जागा आहे. तुम्ही आईला तिच्या घरी न भेटता बाहेर भेटू शकता. कार्याला अर्धा तास जाऊन परतू शकता. मुक्काम लॉजवर करू शकता. नमस्कार टाळू शकता आणि त्याचे कारण न देणेही पत्करू शकता. ‘मला ते जमणार नाही’ हे वाक्य पूर्ण आहे, त्याला पुढे ‘कारण’ जोडण्याची गरज नाही. काहींना सहा महिने संपूर्ण अंतर ठेवल्यावाचून श्वासच घेता येत नाही, त्यांनी ते ठेवावे; कायमचे ठेवावे लागले तरी तो अधर्म नव्हे.

समोरासमोर जाब विचारायचा असेल तर आधी स्वतःलाच विचारा की मला काय ऐकायचे आहे. कबुली आणि पश्चात्ताप ऐकण्यासाठी जाणारे बहुधा नकार, हसणे किंवा ‘तुझं डोकं फिरलंय’ हे ऐकून परततात, आणि तो नवा घाव जुन्यापेक्षा लहान नसतो. न पाठवण्यासाठी लिहिलेले पत्र पुष्कळांना अधिक उपकारक ठरते. ‘घरची गोष्ट घरात’ हे वचन आपल्याकडे दुर्बलाच्या रक्षणासाठी जितक्या वेळा उच्चारले गेले, त्याहून कितीतरी अधिक वेळा ते सबळाच्या सोयीसाठी उच्चारले गेले आहे, हेही विसरू नये. क्षमेविषयी माझे मत असे की ती उपचाराची अट मुळीच नाही. कोणाला ती आपोआप सुचली तर सुचो, पण क्षमा न करताही माणसे सुखाने संसार करतात, मुले वाढवतात आणि रात्री शांत झोपतात.

या विषयाला पैशाचे एक अंग आहे आणि त्यावर फारसे कोणी बोलत नाही. प्रकरण मिटवण्यासाठी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याचा प्रकार घडतो. तोंड उघडलेस तर वाटा मिळणार नाही, अशी धमकीही मिळते. वडील हयात असोत वा नसोत, हिंदू कुटुंबातील वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क आहे आणि तो रागाने रद्द होत नाही. स्वकष्टार्जित मिळकत मात्र वडील मृत्युपत्राने हवी त्याला देऊ शकतात. दोहोंतील भेद वकिलाकडून समजावून घेतल्याखेरीज कोणत्याही दस्तऐवजावर सही करू नका.

आणि ज्या बापाने मारून मारून अर्धमेले केले, त्याला म्हातारपणी सांभाळलेच पाहिजे काय? स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेल्या आई-वडिलांना ऐपत असलेल्या अपत्याने निर्वाहखर्च द्यावा, असे बंधन कायदा घालू शकतो. दरमहा रक्कम पाठवणे आणि एका छताखाली राहून त्यांची सेवा करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीचा हुकूम न्यायाधिकरण देईल, प्रेमाचा कोणालाही देता येणार नाही. रक्कम बँकेमार्फत पाठवा आणि नोंद ठेवा.

कायद्याची दाद मागायची असेल तर

प्रथम घटनेची तारीख पाहावी लागते, कारण फौजदारी कायदा मागील काळास लागू होत नाही.

- 14 नोव्हेंबर 2012 या दिवसापासूनच्या लैंगिक अत्याचारांना पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा लागतो. मूल मुलगा की मुलगी, असा भेद त्यात नाही.
- त्यापूर्वीच्या घटनांना त्या वेळची भारतीय दंड संहिता लागते: मुलींच्या बाबतीत मुख्यतः कलम 376 आणि 354, मुलग्यांच्या बाबतीत कलम 377. गोव्यात मात्र 2003 पासूनच स्वतंत्र बाल कायदा आहे.
- मुदतीविषयी: तीन वर्षांहून अधिक शिक्षेस पात्र असलेल्या गुन्ह्याला फिर्यादीची मुदत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने कायदा मंत्रालयाशी विचारविनिमय करून जाहीर केले, की बालपणीच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार पीडिताला कोणत्याही वयात करता येते. साधी मारहाण किंवा 2013 पूर्वीचा कलम 354 चा गुन्हा यांना मात्र मुदत होती, आणि विलंब माफ करणे न्यायालयाच्या हाती असते.

विलंब झाला एवढ्यावरून फिर्याद खोटी ठरत नाही. गुरमीत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगितले, की लैंगिक गुन्ह्यांत कुटुंबाच्या अब्रूच्या विचाराने तक्रारीस उशीर होणे स्वाभाविक आहे, आणि पीडितेची साक्ष विश्वासार्ह असल्यास ती एकटीही पुरेशी असते. तरीही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा गुन्हा सिद्ध करणे कठीण असते, हे मन घट्ट करून समजून घ्या.

ठाण्यात जाण्यापूर्वी आपली हकीकत स्वतःच्या शब्दांत, तारीख घालून, इतरांशी चर्चा करण्याआधी लिहून काढा. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला जवळ ठेवा. त्या काळचे तुमचे वय त्यावरूनच ठरेल. जुन्या रोजनिशी, पत्रे, तो इसम त्या घरी राहत होता हे दाखवणारी कागदपत्रे, आणि त्या वेळी ज्या मैत्रिणीला सांगितले होते तिचे नाव, हे सारे उपयोगी पडते. प्रथम खबर कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, आणि तिची नक्कल विनामूल्य मिळते. नोंदवून घेण्यास नकार मिळाल्यास पोलिस अधीक्षकांकडे टपालाने अर्ज करा. तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पीडिताची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अल्प उत्पन्नाच्या पुरुषांनाही मिळतो. चौकशीसाठी 15100 हा क्रमांक आहे. छळ करणाऱ्याबरोबर आजही एकाच घरात राहणाऱ्या अविवाहित वा माहेरी परतलेल्या स्त्रीला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आणि निवासाचा आदेश मागता येतो; प्रौढ पुरुषाला त्या कायद्याचा आधार नाही.

एक खाचखळगा मुद्दाम सांगतो. गुन्हा दाखल झाला की खटला शासनाचा होतो. नातेवाइकांच्या दडपणाखाली पुढे ‘मागे घेतो’ म्हणून तो मिटत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी वकिलाशी आणि उपचारकाशी, दोघांशीही बोला. फिर्याद न देण्याचा निर्णय भ्याडपणाचा नसतो.

जो अपवाद म्हणालो तो

त्या इसमाच्या सान्निध्यात आज एखादे मूल असेल, मग ते त्याचे नातवंड असो, शिकवणीला येणारा विद्यार्थी असो वा तुमचीच भाची असो, तर प्रश्न केवळ तुमच्या इच्छेचा उरत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, गुन्हा घडला असल्याची माहिती किंवा तो घडण्याची धास्ती असलेल्या प्रत्येकाने स्थानिक पोलिसांना वा विशेष बाल पोलिस पथकाला कळवले पाहिजे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उलटपक्षी, सद्भावनेने खबर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, हेही कलम 19 मध्येच लिहिलेले आहे, आणि ‘उगाच कोणाच्या संसारात माती कालवू नकोस’ म्हणणाऱ्या आप्तांना ते वाचून दाखवण्यासारखे आहे.

प्रथम मुलाच्या आई-वडिलांपैकी जो अधिक खंबीर असेल त्याला एकांतात स्पष्ट शब्दांत सांगा, आणि मूल त्या इसमाजवळ एकटे राहणार नाही एवढी व्यवस्था त्याच दिवशी करावयास लावा. ते ऐकोत वा न ऐकोत, पोलिसांना कळवा; 1098 या बालसाहाय्य क्रमांकाचीही मदत घेता येते. मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारू नका. ते आपण होऊन जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, वार आणि वेळ घालून, लिहून ठेवा आणि तो कागद पोलिसांच्या हाती द्या.